पोच म्हणजे फिर्याद नव्हे

प्रश्न : पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करते. विद्यार्थ्यांच्या आंदोलनात लाठीमार झाला, डोकं वाचवायला हात वर केला आणि डावा हात मोडला. त्याला आज पाच महिने अकरा दिवस झाले. भीतीपोटी दवाखान्यात ‘जिन्यावरून पडले’ असं सांगितलं. नंतर पोलीस आयुक्तालयात तक्रार अर्ज दिला, शिक्क्याची पोच आहे. विचारायला गेलं की ‘चौकशी चालू आहे’ एवढंच उत्तर मिळतं. बेकायदा जमाव आणि मनाई आदेश मोडल्याचा गुन्हा माझ्यावरही आहे. चौकशीचा निकाल आला की भरपाईचा दावा लावायचा विचार आहे. तोवर थांबू का?

उत्तर : थांबू नका. एक दिवसही नाही.

शांततेनं जमण्याचा हक्क, राज्यघटनेचं कलम 19 वगैरे तुम्हाला माझ्यापेक्षा पक्कं पाठ असेल, परीक्षेला येतं. त्यावर शब्द खर्च करत नाही. तुमचं सगळं प्रकरण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 161 वर अडलेलं आहे. पोलिसांनी अधिकाराच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून काही केलं, तर त्याबद्दलचा खटला किंवा दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. नाही झाला तर कोर्ट तो दाखलच करून घेत नाही. मग हात मोडला की पाय, हा प्रश्नच उरत नाही. फौजदारी खटल्यासाठी एक फट ठेवली आहे : राज्य सरकारची पूर्वमंजुरी घेतली तर दोन वर्षांपर्यंत चालतं. म्हणजे ज्यांच्या माणसावर खटला भरायचा, त्यांच्याच दारात परवानगी मागायला उभं राहायचं. सरकारनं 120 दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं गृहीत धरतात, असं तुम्ही वाचलं असेल. ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 218 मधली. कलम 161 च्या मंजुरीला ती लागू होईल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

मार्च 2021 मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली आणि नवी पेठेत मुलं रस्त्यावर उतरली. तेव्हापासून मला अशी पत्रं येतात, आणि बहुतेक सातव्या-आठव्या महिन्यात येतात. प्रत्येकाच्या हातात तीच शिक्क्याची पोच असते. बाई, आयुक्तालयाच्या आवक-जावकमधला शिक्का म्हणजे फिर्याद नव्हे. खात्याची अंतर्गत चौकशी वर्षभर चालो की दोन वर्षं, कलम 161 चं घड्याळ तिच्यासाठी थांबत नाही. ते थांबतं ते कोर्टात कागद दाखल झाल्यावर.

आता हातात जेमतेम अठरा-एकोणीस दिवस आहेत आणि इथे दुसरी मेख आहे. दिवाणी दावा लावायचा तर त्याआधी ज्यानं इजा केली त्याला किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. तीही याच कलमात. सरकारला पक्षकार केलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस वेगळी. आज नोटीस काढली तरी महिना संपायच्या आत मुदत संपते. मुदत कायद्याच्या कलम 15(2) वर बोट ठेवून नोटिशीचा काळ वगळून मागता येतो, आणि तो मिळावा असं माझं मत आहे. पण समोरचा सरकारी वकील पहिली हरकत यावरच घेणार. म्हणून नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या, आणि तिच्या भरवशावर न राहता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी फिर्याद दाखल करा. फौजदारी फिर्यादीला ही महिन्याची नोटीस लागत नाही. लोकसेवकाविरुद्धची फिर्याद म्हणून न्यायदंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल मागवतील, समोरच्याला म्हणणं मांडायची संधी देतील, त्यात महिने जातील. जाऊ देत. मुदत मोजताना फिर्याद दाखल झाल्याची तारीख धरायची, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2013 मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात सांगितलं आहे. तो निकाल कलम 161 वरचा नाही, पण युक्तिवादाला पुरेसा आहे.

‘मारहाण हे काय पोलिसांचं कर्तव्य आहे? मग हे कलम लागूच कसं?’ असं तुमच्या अभ्यासिकेतला कोणीतरी म्हणेलच. मुद्दा खोटा नाही. कबुलीसाठी कोठडीत केलेल्या मारहाणीला या कलमाचं संरक्षण नाही, असं 1966 च्या आत्माराम प्रकरणात ठरलं. पण जमाव पांगवताना बसलेली लाठी ‘अधिकार ओलांडून’ या शब्दांत जाण्याचीच शक्यता जास्त. तुमचे वकील कोर्टात उलट म्हणतील, म्हणायलाच हवं. तारीख ठरवताना मात्र वाईटात वाईट धरायचं.

दवाखान्यात जिन्याचं खोटं सांगितलंत, त्यानं मला खरा राग आला. चारित्र्य पडताळणीची धास्ती कळते, पण एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या इजेची दवाखान्यातली पोलिसी नोंद, झाली असती तर आज निम्मं काम झालेलं असतं. तरी पत्रातल्या एका ओळीनं जीवात जीव आला : करंगळीच्या बाजूचं हाड, मनगट आणि कोपराच्या मधोमध मोडलं आहे. जिन्यावरून घसरणारा माणूस हात टेकतो आणि बहुधा अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटापाशी मोडतं. डोक्यावर आडव्या धरलेल्या हातावर काठी बसली, की मोडतं ते तुमचं हे हाड. केसपेपर काहीही म्हणो, एक्स-रेची फिल्म जिन्याची गोष्ट सांगत नाही. अस्थिरोगतज्ज्ञाकडून तसं लेखी मत घ्या. खोटं का सांगितलं, हे फिर्यादीत स्वतःच सांगून टाका. उलटतपासणीत निघालं तर नाचक्की होईल.

लाठी कोणाची, हे तुम्हाला माहीत नाही. बंदोबस्ताची ड्यूटी यादी, स्टेशन डायरी आणि पोलिसांनी स्वतः केलेलं चित्रीकरण माहिती अधिकारात पहिल्याच आठवड्यात मागायला हवं होतं. आता 30 दिवसांची वाट पाहायला वेळ नाही. अर्ज टाका, आणि फिर्यादीत बंदोबस्ताच्या प्रभारी अधिकाऱ्यासह ‘अनोळखी पोलीस कर्मचारी’ असं लिहून हे कागद कोर्टामार्फत मागवा.

बाकी दारं थोडक्यात. हाड मोडणं कायद्यानं गंभीर दुखापत आहे, त्यामुळे पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाता येतं. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत. उच्च न्यायालयात रिट याचिका करून भरपाई मागता येते, तिथे कलम 161 आडवं येऊ नये. पण वस्तुस्थितीचा वाद दिसला की ‘खालच्या कोर्टात जा’ म्हणतात. आणि वेगाची आशा ठेवू नका. परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी 15 डिसेंबर 2024 रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. गुन्हा नोंदवा, हा औरंगाबाद खंडपीठाचा आदेश 4 जुलै 2025 चा, तोही आई कोर्टात गेल्यावर. तिथे जीव गेला होता, तुमचा तर फक्त हात मोडला आहे.

तुमच्यावरच्या गुन्ह्याचं आत्ता डोक्यात घेऊ नका. आंदोलनांतले असे खटले सरकार अधूनमधून मागे घेतं, तुमचा त्यात बसेल की नाही ते आरोपपत्र पाहून सांगता येईल. फक्त नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, तो लपवू नका. गुन्ह्यापेक्षा लपवणं जास्त अंगाशी येतं.

सोमवारी वकील गाठा. सोबत केसपेपर, आयुक्तालयाची पोच, त्या दिवशीचे मोबाइलमधले मेसेज आणि व्हिडिओ न्या, मोबाइल फॉरमॅट करू नका. एक्स-रेचा फोटो नको, मूळ फिल्मच हवी. आणि ती बॅगेत दुमडून नेऊ नका, घडी नेमकी हाडावर पडते.