तुमची मुलगी विचारते: एखाद्या संख्येला 4 ने पण भाग जातो, 6 ने पण जातो, मग 24 ने जाणारच ना?

नाही, 24 ची गॅरंटी नाही, 12 ची आहे. 36 घेऊन बघा, 4 ने जातो, 6 ने जातो, 24 ने नाही. मी मुलुंडला सहावी-सातवीच्या शिकवण्या घेते, ही चूक दरवर्षी निम्मा वर्ग करतो त्यामुळे मुलीला ओरडू नका. कारण मूळ अवयवांत आहे: 4 म्हणजे 2×2 आणि 6 म्हणजे 2×3, आता 6 ला जो 2 लागतो तो 4 मधल्या दोनातलाच एक असू शकतो, तो परत वेगळा मोजायचा नाही, म्हणजे संख्येत 2×2×3 एवढंच नक्की असतं, तोच लसावि (दोन्हींच्या पाढ्यात येणारी सगळ्यात लहान संख्या) 12. तिला लोकलचं सांगा, समजा एक गाडी दर 4 मिनिटांनी, दुसरी दर 6 मिनिटांनी, आत्ता दोन्ही एकदम सुटल्या तर परत एकदम 12 मिनिटांनी सुटतील, 24 पर्यंत थांबायची गरज नाही (वेळेवर आल्या तर!).

24 तपासायचं तर 3 आणि 8 ने बघा:
- अंकांची बेरीज 3 च्या पाढ्यात
- शेवटच्या तीन अंकांना 8 ने भाग

7236 मध्ये बेरीज 18, चालेल, पण 236 ला 8 ने भाग जात नाही, बाद.

फक्त एक लक्षात ठेवा, दोन संख्यांचा थेट गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा दोन्ही संख्या सहमूळ असतात, म्हणजे 1 सोडून कॉमन काही नाही. 3 आणि 8 तशा आहेत, 4 आणि 6 नाहीत.