चार्ल्स्टनमधली जुनी घरं रस्त्याकडे पाठ फिरवल्यासारखी का दिसतात? आणि तिथल्या 'बॅटरी' नावाच्या किनारी भागात पाण्यालगतचं घर घेताना काय पाहावं?

ती पाठ नव्हे, अरुंद बाजू आहे. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या या शहराचं खास 'सिंगल हाउस' एकाच खोलीच्या रुंदीचं, पण आत लांबलचक असतं. रस्त्यावरचं दार उघडलं की घरात नव्हे, व्हरांड्यात पाऊल पडतं. त्याला तिथे 'पियाझा' म्हणतात. तो बहुधा दक्षिणेला किंवा पश्चिमेला, म्हणजे वारा खेळता राहतो आणि भिंतींवर थेट ऊन येत नाही. एसी नसतानाच्या काळातली ही अक्कल मला फार मोलाची वाटते. मात्र या वैभवामागे गुलामांची मेहनत आहे, हेही विसरू नये.

भिंतींवर लोखंडी चकत्या दिसल्या तर त्या निव्वळ शोभेच्या समजू नका. 1886च्या भूकंपानंतर भिंती आवळून धरायला आरपार सळया घातल्या, त्यांची ती टोकं.

घर घेताना खरा प्रश्न पाण्याचा. मोठ्या भरतीला, पाऊस नसतानाही, सखल रस्त्यांवर पाणी चढतं. 1989च्या ह्यूगो वादळाने तर शहराला झोडपून काढलं होतं. त्यामुळे आधी जोत्याची उंची आणि घरात पूर्वी कधी पाणी शिरलं होतं का, ते विचारा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. शिवाय 1931पासून इथे वारसा-नियम आहेत. जुन्या भागात बाहेरून दिसणारा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. खिडक्या बदलायच्या असतील तर आधी ही मंजुरी देणाऱ्या शहराच्या मंडळाकडे चौकशी करा, मगच सौदा.