समासात प्रश्न लिही

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘११२ पानं जीव ओतून तपासली आणि लेखक म्हणतात, माझं पुस्तक मला परत द्या’ या वाक्याशी दोन्ही वेळा थांबले. व्याकरणाचा आणखी एखादा अभ्यासक्रम करू का, असं तू विचारतेस. नको करूस. तुझं व्याकरण पक्कं आहे, पाठवलेल्या पानांवरून दिसतंच. तू विचारलं नाहीस, तिथे सगळं बिनसलं.

पहिल्यांदा विचारायला हवं होतंस ते काम घेताना. ‘जरा नजर टाका’ असं लेखक म्हणाले आणि तू हो म्हणालीस. त्यांच्या मनात मुद्रितशोधन होतं, म्हणजे पानं लावून झाल्यावर राहिलेल्या चुका टिपणं. तू परिच्छेद उलटेपालटे केलेस, वाक्यं नव्यानं लिहिलीस. ते संपादन झालं. त्यांनी ते मागितलं नव्हतं आणि त्याचे पैसेही ठरले नव्हते. वाचन मुळाशी ताडून करायचं की नुसतं सलग? किती वाचनं? दुरुस्त्या लावल्यावर त्या नीट लागल्या का, हे कोण पाहणार? पैशांचा दर पानावर असेल तर कोणत्या पानावर? टाइप बारीक केला की २०० पानांची १५० होतात आणि शब्द तेवढेच राहतात, म्हणून दर शब्दांवर ठरव. आधी त्याच मजकुराची पाच पानं घड्याळ लावून वाच, मगच तारीख दे. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हेही विचार. आणि हे सगळं ई-मेलवर असू दे. फोनवर बोलणं झालं असेल तर ‘आपलं असं ठरलं’ म्हणून लगेच चार ओळी पाठव.

आता माझी गोष्ट सांगते. या कामात नवी होते तेव्हा एका आत्मकथनाची प्रुफं माझ्याकडे आली. त्यात वाक्य होतं, ‘आई डोक्यावर हारा घेऊन पहाटेच निघायची.’ हारा हा शब्द मी ऐकलेला नव्हता. हारा म्हणजे बांबूची मोठी टोपली. शब्दकोश उघडला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी काना खोडला. पुढे तो शब्द आणखी तीनदा आला, तीनदा काना खोडला. एके ठिकाणी ‘डोक्यावर हार’ कानाला बरं लागेना, म्हणून ‘हातात हार’ केलं. पुस्तक छापून गेल्यावर लेखकाचं पत्र आलं. माझी आई जन्मभर हारा वाहत होती, तुम्ही तिच्या हातात हार दिलात, एवढंच लिहिलं होतं.

मला तीनच दिवस मिळाले होते. हस्तलिखित सोबत दिलेलं नव्हतं. लेखकाचा पत्ता मागितला असता तरी त्या प्रकाशकाने दिला नसता, याची मला आजही खात्री आहे. हे सगळं खरं आहे आणि इतकी वर्षं मी ते स्वतःला सांगत आले आहे. पण पत्ता मी मागितलाच नव्हता. समासात ‘हारा म्हणजे काय? हार हवंय का?’ एवढे सहा शब्दही मी लिहिले नव्हते.

म्हणून सांगते, विचार. ज्या बदलाचं कारण तुला एका ओळीत सांगता येत नाही, तो बदल करू नकोस, समासात प्रश्न लिही.

तू नियमांचा आधार घेतला आहेस. १९६२ साली मान्य झालेले मराठी साहित्य महामंडळाचे १४ आणि १९७२चे ४, असे शुद्धलेखनाचे १८ नियम तुला पाठ आहेत, छान आहे. ‘रहाणे’चं ‘राहणे’ कर, ‘कवि’चं ‘कवी’ कर, तिथे कोणाला विचारायचं कारण नाही. पण तू संवादांतली सगळी ‘असं, केलं, म्हटलं’ खोडून ‘असे, केले, म्हटले’ केलीस! अगं, पात्राच्या तोंडी अशी रूपं चालतात, हे तर नियमच सांगतात. जुनं साहित्य छापताना कुठवर मुळाबरहुकूम ठेवायचं, हेसुद्धा त्याच नियमांत आहे. कुठे हात लावायचा नाही हे नियम सांगत असतात आणि आपण घाईत तेवढंच वाचायचं सोडतो. त्या म्हातारीच्या तोंडी तू ‘मी त्याला सांगितले होते’ घातलंस. तिला असं बोलताना तू तरी ऐकलंस का?

विचारलं तर आपण अडाणी ठरू, ही भीती तुझ्या पत्रात ओळीओळीत आहे. तिचा मला राग येतो, कारण ती माझीच जुनी भीती आहे. लेखकाला मोघम प्रश्नाचा त्रास होतो, नेमक्या प्रश्नाचा होत नाही. ‘कालक्रम तपासावा’ असं लिहू नकोस. ‘पान ४७वर थोरली बहीण १९५८ची, पान ९१वर धाकटा भाऊ १९५६चा. कोणतं साल ठेवू?’ असं लिही. एका शब्दात उत्तर देता आलं पाहिजे. प्रश्न सुटे पाठवू नकोस, प्रकरण संपलं की एकत्र यादी दे. मिळालेली उत्तरं आणि तू घेतलेले निर्णय एका वहीत टिपून ठेव. अंक देवनागरी की रोमन, ‘ई-मेल’मध्ये जोडरेघ आहे की नाही, हे पान १०वर ठरलेलं पान २००वर आठवत नाही.

अशा याद्यांमुळे माझं एक नेहमीचं काम सुटलं. ‘तुमचे प्रश्न फार असतात’ असं सांगून एका प्रकाशकाने पुस्तकं पाठवणं बंद केलं. वर्षभर हात आखडून काढलं. तरी यादी लहान केली नाही आणि आता करणारही नाही. हारा प्रकरणानंतर ते मला जमणारच नव्हतं.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर ‘र्य’ शोधून शोधून पाहा. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं आणि स्वयंपाक करणारा माणूस गुरू होऊन बसतो. शब्द तर दोन्ही बरोबर, त्यामुळे शब्दतपासणीच्या सोयीला ते दिसत नाही. आणि प्रकरणांची नावं, अनुक्रमणिका, पानांचे आकडे शेवटी वेगळे वाच. मोठ्या अक्षरातली चूक डोळा सहज ओलांडून जातो.

लेखकांना माफीची लांब चिठ्ठी लिहू नकोस. मूळ फाइल उघड, ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेला प्रत्येक बदल दिसत राहतो ती सोय, चालू कर. नियमाने बसतात तेवढ्याच दुरुस्त्या ठेव, संवाद होते तसे परत आण, बाकी सगळं प्रश्न म्हणून समासात टाक. या फेरीचे जादा पैसे मागू नकोस. पाठवण्याआधी यादी मला दाखव, पेन्सिल घेऊन बसते.

तुझी,
मावशी