पाकिटातली पाच नावं

"मित्रांना येशूबद्दल सांगितलं नाही तर मन खातं, आणि सांगायला गेलं तर मित्र राहत नाहीत. काय करू मॅडम?"

कोल्हापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न इतक्या ख्रिस्ती मुलामुलींकडून ऐकलाय, की पहिल्या वाक्यावरच शेवट ओळखू येतो. कुणी विद्यापीठाच्या हॉस्टेलवरचा, कुणी नर्सिंगची, कुणी राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहणारा. मी वारकरी घरातली. तरी ही मुलं माझ्याकडे येतात, किंवा म्हणूनच येत असतील. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, हे बोललं तर 'विश्वास कमी पडतोय' असं ऐकावं लागेल, याची त्यांना धास्ती असते.

त्यातलाच एक सुशील. नाव बदललंय, तपशिलात आणखी दोघा-तिघांचं मिसळलंय. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. तक्रार झोपेची होती. तिसऱ्या भेटीत त्यानं पाकिटातून घडी घालून घालून मऊ पडलेली एक चिठ्ठी काढली. मे महिन्यातल्या तरुणांच्या शिबिरात प्रत्येकाला पाच मित्रांची नावं लिहायला सांगितली होती. वर्षभरात या पाचांना सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायची.

"एकाला सांगितली. रूममेटला. रंकाळ्यावर."

"मग?"

"वीस मिनिटं बोललो. तो म्हणाला, भावा, मला क्लास लावलास काय? तवापासनं मेसला वेगळा जातोय."

"आणि बाकीचे चौघं?"

"ते दिसले की रस्ता बदलतो मी. त्यांना सांगायलाच पाहिजे. आणि त्यांना पटलंच पाहिजे, नाहीतर मी कमी पडलो."

माझा निम्मा व्यवसाय या 'च'वर चालतो. माझी घडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेवरची, त्यामुळे माझा कान आधी तिथंच जातो. 'सांगावंसं वाटतं' ही श्रद्धा झाली, त्यात मला लुडबुड करायची नव्हती. 'पटलंच पाहिजे' ही मात्र दुसऱ्याच्या मनावर ठोकलेली मालकी. ती कधीच हातात येत नाही, म्हणून झोप जाते. आपल्या वाटणीचं काम सांगण्यापुरतं, पटणं-न पटणं समोरच्याचं. हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली. काडीचा फरक पडला नाही.

म्हणून पुढच्या वेळी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "या पाचांबद्दल एकेक गोष्ट सांग. धर्माची नको."

पहिल्याबद्दल म्हणाला, तो वाद घालतो. दुसरा हसण्यावारी नेतो. तिसरी ऐकून घेईल असं वाटतं. प्रत्येकाचा आक्षेप पाठ होता. रूममेटचे वडील काय करतात, विचारलं तर पोरगा गप्प झाला. ऊस असावा, म्हणाला. एका खोलीत आठ महिने काढलेला मुलगा 'असावा' म्हणाला, आणि स्वतःच ते ऐकून खाली बघायला लागला.

चर्चवरून येता-जाता जातोच आपण, पण कोल्हापूरकरांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली इथं आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली कोल्हापुरातच जन्मला. पुढं 1886 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन इथल्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्याला जायची तयारी लिहून दिली. त्यामागं हाच रॉबर्ट होता. विद्यार्थ्यांची एक मोठी मिशनरी चळवळ त्यातून उभी राहिली. सुशीलला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी एवढंच विचारलं, "त्या शंभर जणांनी कागदावर कुणाची नावं लिहिली?"

"स्वतःची."

"आणि तुझ्या चिठ्ठीवर?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. हा प्रश्न मला आयत्या वेळी सुचला होता, आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी घरी जाताना मी स्वतःवर खूश होते. पण खरी किल्ली त्यानंच शोधली. तो हळूच म्हणाला, "मॅडम, विहिरीवरची गोष्ट माहिताय? बायबलात, योहानाच्या चौथ्या अध्यायातली. शोमरोनी बाई पाणी भरायला येते. येशूनं आधी तिच्याकडं पाणी मागितलं. बाकीचं नंतर."

मला माहीत नव्हतं. आठवड्याचा गृहपाठ मात्र तिथल्या तिथं ठरला: कुणाला काही सांगायचं नाही, एकाकडं काहीतरी मागायचं.

सुशीलच्या आईची शुगर वाढली होती, तिला सीपीआर या सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं. त्यानं रूममेटकडं गाडी मागितली. तो गाडीसकट आला, केसपेपरच्या रांगेत उभा राहिला. आत जायच्या आधी आईनं बाकावर बसून डोळे मिटले, ओठ हलले. परतताना त्या मुलानं विचारलं, "काकूंनी काय मागितलं?" सुशीलनं चार वाक्यांत सांगितलं. गाडीच्या आवाजात त्यातली दोन ऐकूही गेली नसतील.

आता ज्यांना हाच प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी, कारण असा रूममेट आणि अशी आई प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. बोलायच्या आधी विचारा, "ऐकायला आवडेल का?" नको म्हणाला तर विषय तिथंच सोडा, पुढच्या सोमवारी नव्या वाटेनं आणू नका. ज्याला तुम्ही शिकवता, नोट्स देता, ज्याचे पैसे तुमच्याकडं अडकलेत, त्याच्याशी हा विषय तुम्ही काढूच नये. तो नाही म्हणू शकत नाही. ब्रेकअप झालेल्या, नापास झालेल्या मुलीजवळ आधी नुसतं बसा. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवून कुणाला आपला देव आवडल्याचं मी पाहिलेलं नाही. हॉस्टेलच्या दाराखालून पत्रकं सरकवू नका. कॅम्पसवर कार्यक्रम घ्यायचा तर लेखी परवानगी काढा आणि पत्रकावर तो कशाचा आहे ते स्पष्ट छापा; 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणून बोलावून प्रार्थना सुरू करणं ही फसवणूक आहे.

कायद्याचंही विचारतात. संविधानाच्या 25 व्या कलमानं धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क दिलाय, पण तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. 1977 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. वाचल्यावर सुशील म्हणाला, "म्हणजे तुमचा 'च' कोर्टानंबी काढला की!"

शेवटच्या भेटीला चिठ्ठी पाकिटात नव्हती. फाडली का, मी विचारलं नाही. रूममेट काही चर्चला गेलेला नाही. नाताळात मात्र सुशीलच्या घरी जेवून आला आणि काकूंनी दिलेला करंज्यांचा डबा हॉस्टेलवर घेऊन आला. त्यातल्या दोन माझ्यापर्यंत पोचल्या.