अपडेटनंतर बटण हरवलं तर घाबरू नकोस

काल तू फोनवर म्हणालास, "दादा, सगळं बदललं, आता जमणार नाही." अरे, २००७ साली मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधले मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली, तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. नाशिकच्या रविवार कारंजावरची ओळखीची दुकानं एका रात्रीत हलवली तर आपली पांढरी काठी कुठे वळेल? तसंच झालं होतं.

डोळस माणूस नवं चित्र बघून बटण शोधतो. आपण मात्र 'चार वेळा टॅब, मग एंटर' असं पाठ करतो आणि तिथेच फसतो. मोजणं सोड. एनव्हीडीए, म्हणजे आपला पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, त्यात वेबपानावर एच दाबून शीर्षकांवरून, बी दाबून बटणांवरून उड्या मार. इन्सर्ट आणि एफ७ दाबलंस की लिंक, शीर्षकं, बटणं यांची यादीच समोर येते. कंट्रोल-एससारखे शॉर्टकट सहसा हलत नाहीत. एक्सेलमध्ये तर ऑल्ट, ई, एस हा जुन्या मेनूचा रस्ता आजही पेस्ट स्पेशल उघडतो!

कधी चूक आपली नसतेच. माझ्या बँकेचं पान 'सुंदर' झालं आणि स्क्रीन रीडर नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणू लागला. चिन्हं टाकली, नावं द्यायची राहिली. अशा वेळी तक्रार कर, पण "चालत नाही" एवढंच नको. कुठलं पान, कुठली कळ, काय ऐकू आलं, ते लिही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आपल्या बाजूने आहे, त्याचा उल्लेखही कर.

आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अपडेट करू नकोस, बाबा. रविवारी कॉलेज रोडला ये, लॅपटॉप आण, चहा मी पाजतो.