कुत्र्याला ताप, जेवण बंद आणि कानात गोचीड: आधी काय बघायचं, मग काय करायचं

तुम्ही लिहिलंय: फोंड्याजवळच्या गावात घर, दीड वर्षाचा, अंदाजे 15 किलोचा गावठी टायगर. कालपासून त्याने जेवण टाकलंय, अंग गरम लागतंय, मागच्या आठवड्यात कानातून तीन-चार गोचिड्या काढल्या. शेजाऱ्यांनी त्यांच्या कुत्र्याच्या उरलेल्या डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लीन या अँटिबायोटिकच्या) गोळ्या दिल्यात. त्या सुरू कराव्यात का, आणि दर महिन्याला पावडर टाकूनही गोचिड्या परत कशा येतात, असे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर: रक्त तपासायला दिल्याशिवाय गोळी देऊ नका, आणि रक्त द्यायला आजच जा. दुसऱ्याचं: पावडर तुम्ही कुत्र्यावर टाकता, पण गोचीड राहते भिंतीत. कुत्र्यावर ती फक्त जेवायला येते.

निघण्याआधी दहा मिनिटं काढून घरीच काही गोष्टी बघा आणि कागदावर लिहून न्या. नाक गरम, कान गरम यावरून काहीच कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तो पुढे कुत्र्यासाठीच ठेवा. टोकाला खोबरेल तेल लावा. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने शेपूट उचलून तो गुदद्वारातून दोन-अडीच सेंटिमीटर आत घालायचा आणि किंचित बाजूला, आतल्या भिंतीला टेकेल असा धरायचा. टोक आतल्या विष्ठेत रुतलं तर आकडा कमी येतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे माणसाचा ताप ही त्याची रोजची अवस्था. सावलीत अर्धा तास शांत पडून असतानाही 103 किंवा वर असेल तर तो ताप. धावून आल्यावर किंवा मे महिन्याच्या उकाड्यात घेतलेला आकडा धरू नका.

मग वरचा ओठ उचलून सुळ्याच्या वरची हिरडी बघा. ती गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, तिथे हे जमत नाही. तेव्हा खालची पापणी हलकेच ओढून आतला भाग बघा. तो फिका, कागदासारखा दिसला तर अंगातलं रक्त कमी झालंय. नंतर टॉर्च घेऊन पोटाची केस नसलेली कातडी आणि कानाची आतली बाजू तपासा. टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके दिसले, आणि दाबल्यावरही ते पुसट झाले नाहीत, तर तो कातडीखालचा रक्तस्राव आहे. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, खाली गेल्याची ती खूण. त्याला पुरळ समजून पावडर लावत बसणारे पुष्कळ असतात.

शेवटचं म्हणजे लघवी. अंगणातल्या लाल मातीवर रंग कळत नाही, म्हणून त्याच्या नेहमीच्या जागी पांढरा कागद टाकून बघा. कोऱ्या चहाचा रंग असेल तर वाट बघायचीच नाही.

फिक्या हिरड्या, काळसर लघवी, डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळेपणा, नाकातून रक्त, पाणीही उलटून पडणं, दिवसभरात लघवीच न होणं, झोपेत मिनिटाला 30 पेक्षा जास्त श्वास: यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना बंद झाला असेल तर खासगी डॉक्टर गाठा, आणि निघण्याआधी फोन करून ते जागेवर आहेत का एवढं विचारून घ्या.

आता गोळीचं. गोचीड तापाला एकच आजार समजलं जातं, तिथेच गोंधळ होतो. आपल्याकडे तपकिरी गोचिडीतून मुख्यतः एर्लिकिया आणि बेबेसिया पसरतात. एर्लिकिया हा जिवाणू, पांढऱ्या पेशींत राहतो. त्यात ताप, सुस्ती, प्लेटलेट्स घसरणं, कधी नाकातून रक्त. डॉक्सीसायक्लीन याचं नेमकं औषध. बेबेसिया हा एकपेशीय परजीवी, तो तांबड्या पेशी फोडतो. म्हणून त्यात अंग फिकट पडतं आणि लघवी काळवंडते. नुसत्या डॉक्सीने तो जात नाही. चार दिवस डॉक्सी देऊनही कुत्रा उठत नाही, अशा वेळी बहुधा आत बेबेसिया असतो किंवा दोन्ही एकदम असतात, आणि मधले ते चार दिवस फार महागात पडतात. शिवाय गोळी आधी सुरू झाली तर रक्तातले जंतू कमी होतात आणि तपासणीत खोटं ‘नाही’ येऊ शकतं. एर्लिकियाची लक्षणं गोचीड चावल्यानंतर साधारण 8 ते 20 दिवसांनी दिसतात, त्यामुळे आज अंगावर एकही गोचीड सापडली नाही म्हणून हा ताप वेगळा असं धरू नका.

पावसाळा असेल तर लेप्टोस्पायरोसिसही डोक्यात ठेवावा लागतो. शेतातल्या साचलेल्या पाण्यात हिंडणारा, उंदीर पकडणारा कुत्रा, आणि ताप, उलट्या, कावीळ असं एकत्र दिसलं तर डॉक्टरांना हे आपणहून सांगा. तो लघवीतून माणसालाही होतो. निदान होईपर्यंत लघवी हातमोजे घालून ब्लीचने पुसा, पोरांना लांब ठेवा.

रक्त देताना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), स्मिअर (स्लाइडवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा रक्ताचा थेंब) आणि मूत्रपिंड-यकृताच्या चाचण्या मागा. बेबेसिया बघायचा असेल तर कानाच्या टोकाला टोचून काढलेल्या थेंबाचा स्मिअर जास्त उपयोगी, कारण बारीक केशवाहिन्यांत बाधित पेशी जास्त सापडतात. मशीनने प्लेटलेट्स 40 हजार दाखवल्या तरी लगेच घाबरून जाऊ नका: नमुन्यात गुठळ्या झाल्या की मशीन कमी मोजतं, म्हणून स्मिअरवर डोळ्यांनी खात्री करून घ्यायची. निरोगी कुत्र्यात हा आकडा साधारण 2 ते 5 लाख असतो. दहा मिनिटांत उत्तर देणाऱ्या किटबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बहुतेक किट अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं, बघतात. आजाराच्या पहिल्या आठवड्यात त्या तयार झालेल्या नसतात, आणि बरा झाल्यावरही कित्येक महिने राहतात. परवडत असेल तर पीसीआर करा, ती थेट जंतूचा डीएनए शोधते.

एर्लिकिया ठरला तर डॉक्सीचा नेहमीचा हिशेब किलोला रोज 10 मिलीग्रॅम, एकदम किंवा दोन भागांत, पूर्ण 28 दिवस. टायगरला म्हणजे रोज 150 मिलीग्रॅम. कुत्रा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेपूट हलवत जेवायला लागतो आणि आठवड्यात घरचे गोळ्या बंद करतात. शेजाऱ्यांकडे त्या उरल्या कशा, याचं उत्तर बहुधा हेच. अर्धवट सोडलेला आजार दबून राहतो आणि पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, अस्थिमज्जा धरतो. तेव्हा तो आटोक्यात आणणं फार अवघड. गोळी कोरडी गिळवू नका, अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाच्या ओल्या तुकड्यात घालून द्या, लगेच वर जेवण द्या किंवा सिरिंजने पाच-दहा मिली पाणी गालाच्या बाजूने सोडा. दूध, दही, कॅल्शियम आणि लोहाचं टॉनिक यांच्यात आणि गोळीत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध त्यांना चिकटून तसंच बाहेर जातं. सीबीसी आठवड्याने, कोर्स संपल्यावर आणि त्यानंतर महिन्याने, असा तीनदा.

बेबेसियात कोणती जात आहे यावर सगळं ठरतं. मोठ्या आकाराच्या जातीवर इमिडोकार्बची दोन इंजेक्शनं, 14 दिवसांच्या अंतराने, चालतात. भारतात बरीच आढळणारी लहान जात, बेबेसिया गिब्सोनी, मात्र त्या इंजेक्शनने मुळापासून जात नाही. तिच्यावर अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन 10 दिवस देतात. त्यातलं अ‍ॅटोव्हाक्वोन तेला-तुपाच्या जेवणाबरोबरच नीट शोषलं जातं. म्हणून ‘कोणता बेबेसिया?’ हे डॉक्टरांना विचाराच.

घरात या दिवसांत काय करू नये ते जास्त महत्त्वाचं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यातलं काहीही नाही. ताप उतरवायला म्हणून दिलेली ही औषधं यकृत, पोट किंवा मूत्रपिंड बिघडवतात, आणि प्लेटलेट्स खाली असताना आतून रक्त सुरू होऊ शकतं. कांदा-लसूण घातलेलं हुमण (माशाची आमटी), आमटी भातावर कालवून घालायची सवय असेल तर ती आजच मोडा: कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि त्या आधीच फुटत असू शकतात. पातळ पेज, उकडलेली बिनहाडाची कोंबडी, काटे काढलेला उकडलेला मासा, मसाला न घालता, थोडं थोडं चार वेळा. पपईच्या पानांचा रस देणारे देतात, पण जंतू त्याने मरत नाही. त्याच्या भरवशावर औषध लांबवू नका.

आता भिंत. पोट भरलेली मादी कुत्र्यावरून गळून पडते, फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. उबेत काही आठवड्यांत त्यातून सहा पायांची, टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं निघतात. ती रक्त पितात, गळतात, फटीत कात टाकतात, परत चढतात, परत गळतात. तिसऱ्यांदा चढते ती मोठी गोचीड. म्हणजे एकाच गोचिडीने कुत्रा तीनदा गाठलेला असतो आणि बाकी सगळा काळ ती तुमच्या घरात असते, उपाशी महिनोन्‌महिने काढू शकते. आपली चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत तिला आयतीच, भोकाभोकांची. ही जात जमिनीपेक्षा वर चढायला बघते. म्हणून टॉर्च घेऊन चौकटीचा वरचा भाग, बाल्कांवातल्या (पुढच्या ओसरीतल्या) बाकाची खालची बाजू, वाशांचे सांधे, कॅलेंडरमागची भिंत शोधा. टायगर गोणपाटावर झोपत असेल तर ते जाळून टाका आणि उकळत्या पाण्यात धुता येईल अशी चादर द्या. चिऱ्यांची भोकं सिमेंटने बुजवली तर तो कायमचा उपाय. खर्चिक आहे, पण निदान त्याच्या झोपायच्या कोपऱ्यात कमरेपर्यंत तरी करा.

भिंतीवर गोचीडनाशकाची फवारणी एकदाच करून भागत नाही, अंडी वाचतात. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीनदा करायची, आणि भिंत सुकेपर्यंत जनावर घराबाहेर. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही औषधं माशांना अतिशय विषारी आहेत, तेव्हा विहिरीच्या कट्ट्याजवळ आणि फिश टँकच्या खोलीत ती नकोत. पेर्मेथ्रिन मांजरांना मारू शकतं. कुत्र्याला लावलेल्या थेंबांनीसुद्धा, मांजर त्याला चिकटून झोपत असेल तर.

कुत्र्यासाठी पावडरीपेक्षा फ्लुरालानर किंवा अ‍ॅफॉक्सोलानरची गोळी पुष्कळ बरी. पहिलीचा परिणाम साधारण 12 आठवडे, दुसरीचा महिनाभर. गोचीड चावल्यावरच मरते, त्यामुळे गोळी दिल्यावर अंगावर एखादी दिसली म्हणजे औषध नकली असं नव्हे. पण गोचीड चावल्यापासून काही तासांतच एर्लिकिया अंगात जाऊ शकतो, म्हणून जिथे गोचीड फार आहे तिथे गोळीबरोबर गोचिडीला लांब ठेवणारा पट्टाही घालावा असं माझं मत. कोणता, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. आकडी येणाऱ्या कुत्र्याला ही गोळी विचारल्याशिवाय नाही. अमिट्राझची आंघोळ स्वस्त पडते: 12.5 टक्क्यांचं औषध असेल तर लिटरला 2 मिली, दर वेळी ताजं कालवून, अंगावरच वाळू द्यायचं. पावसाळ्यात मात्र ती मला पसंत नाही, ओलं अंग वाळत नाही आणि कातडीचा वेगळाच त्रास मागे लागतो.

चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ वर ओढा. रॉकेल, पेटती उदबत्ती काही नको. बोटाने चिरडू नका, तिच्यातून माणसालाही ताप येऊ शकतो. साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका आणि झाकण लावा. कानाइतकंच बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीच्या बुडाशी बघायचं, रोज एकदा.