कोड पुढं, डॉक्स मागं

प्रश्न : नमस्कार. आम्ही तिघं मित्र एक छोटी ओपन सोर्स पायथन लायब्ररी (इतरांना प्रोग्रॅममध्ये वापरायला आयता कोड) चालवतो, बिलावरची रक्कम मराठीत अक्षरी करून देणारी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले काही टॉवेलवाले तीच वापरतेत. मागच्या रिलीजला 'पैसे' या आर्ग्युमेंटचं (फंक्शनला द्यायच्या माहितीचं) नाव बदलून 'सुटे' केलं, पण डॉक्स (वापरायच्या माहितीची पानं) वेगळ्या विकीवर असतेत, तिथं जुनंच राहिलं. लोक ते उदाहरण कॉपी करतेत, एरर आली की लगेच आम्हाला फोन. डॉक्ससाठी वेगळा माणूस बघावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : माणूस नका बघू. तुम्ही शनिवारी रात्री नाव बदलून झोपणार, त्या बिचाऱ्याला कळणार कसं?

आधी सगळी पानं कोडच्याच रेपोत (कोड ठेवायच्या जागेत) आणा, म्हणजे ज्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडात घ्यायच्या विनंतीत) नाव बदललं त्यातच पानही बदललंय का ते दिसतं. पण तिघंच मित्र म्हटल्यावर रिव्ह्यूवर फार भरवसा नको, न वाचताच मर्ज होतं, म्हणून अडवायचं काम मशीनला द्या. पायथनसोबत डॉकटेस्ट, म्हणजे डॉक्समधली उदाहरणं चालवून बघणारं साधन, आयतंच येतं. डॉकस्ट्रिंगमध्ये (कोडातच फंक्शनबद्दल लिहिलेल्या माहितीत) असं लिहायचं :

>>> अक्षरी("१२५०", सुटे="५०")
'एक हजार दोनशे पन्नास रुपये पन्नास पैसे फक्त'

टेस्ट लावली की वरची ओळ खरंच चालते आणि आलेलं उत्तर खालच्या ओळीशी अक्षर न् अक्षर ताडलं जातं, वरच्या ओळीत 'सुटे'च्या जागी जुनं 'पैसे' राहिलं असतं तर रिलीजच्या आधीच टेस्ट फेल. रीडमी (रेपोचं ओळखपान) सुद्धा पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या डॉकटेस्ट-ग्लॉब ऑप्शननं यात घ्या, फक्त उत्तराखाली एक ओळ रिकामी सोडा, नाहीतर कोडचा ब्लॉक बंद करणारे तीन बॅकटिकही (` ही चिन्हं) त्याला उत्तराचाच भाग वाटतात अन् बरोबर उदाहरण नापास होतं, मग बसा शोधत.

आर्ग्युमेंटची यादी हातानं टाइपच करू नका, डॉक्सची पानं बनवणाऱ्या स्फिंक्सचं ऑटोडॉक ती कोडमधून उचलतं. (रस्ट या दुसऱ्या भाषेवाल्यांची मजा आहे, त्यांचं कार्गो टेस्ट लायब्ररीच्या डॉक्समधली उदाहरणं आपणहून चालवतं.) पण नुसती ऑटोडॉकची यादी टाकून डॉक्स झाले म्हणणारे बघितले की डोकं फिरतं. शेवटी 'फक्त' का लागतं, पैशाच्या खालचा आकडा आला तर काय करायचं ठरवलंय, हे तुम्हीच लिहायचं, आणि ते जुनं झालं तर कुठलीच टेस्ट ओरडणार नाही.

राहिलं ते नाव. एकदम काढायला नको होतं, पुढच्या रिलीजला 'पैसे' परत घ्या, दोन्ही नावं काही काळ चालू द्या आणि जुनं वापरलं की वॉर्निंग द्या. डेप्रिकेशनवॉर्निंग नको, पायथन ती एरवी लपवतं, मेन (थेट चालवलेल्या) स्क्रिप्टमधूनच आली तर दाखवतं. फ्युचरवॉर्निंग सगळ्यांना दिसते.

विकी बंद करताना पहिल्या पानावर नवा पत्ता तेवढा टाका, जुन्या लिंकवरून लोक येतच राहणार.